प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर : एका सुतारपुत्राची रसायनसाधना

आपल्या समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे स्मरणिकेतून वाचकांपुढे ठेवावीत, जेणेकरून घरोघरच्या मुलामुलींना आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाची ओळख व्हावी, हा अशा अंकांचा एक मुख्य हेतू असतो. प्रस्तुत लेखात ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे ते गृहस्थ वऱ्हाडचे नव्हत, आणि त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती. ते सुरतेचे गुजराती सुतार. तथापि वाकस, रंधा आणि करवत ही ज्यांच्या घरची दैवते, त्या सर्वांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटावा असे त्यांचे जीवन आहे. शिवाय आज आपल्या वाशीम जिल्ह्यातील पुष्कळशा कुटुंबांपुढे जो प्रश्न उभा आहे, तोच त्यांच्यापुढे सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी उभा होता. रसायनशास्त्राची पदवी तर मिळाली; आता पुढे काय, हा तो प्रश्न होय.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म सन १८६३ मध्ये सुरत येथे झाला. गुजरातेत सुतारास गज्जर असे आडनाव असते. हा शब्द गजधर या शब्दावरून आला, असे सांगतात. गजधर म्हणजे ज्याच्या हाती गज आहे तो, मोजमाप करणारा, इमारतीचा आराखडा ठरविणारा कारागीर. त्रिभुवनदासांचे वडील कल्याणदास हे लाकडाचा व्यापार करीत आणि वास्तुशिल्पाचे चांगले जाणकार होते. अशा घरात माप चुकले तर लाकूड वाया जाते, आणि एकदा कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही, हे ज्ञान मुलांना कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. ते त्यांच्या अंगवळणीच पडते. पुढे रसायनाच्या तराजूपुढे बसलेल्या त्रिभुवनदासांना ही घरची शिकवण किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना आपल्या समाजातील वाचकांना सहज करता येईल.

सुरतेचे शालेय शिक्षण संपल्यावर ते मुंबईस गेले आणि तेथील विद्यापीठातून रसायनशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी उच्च पदवी संपादन केली. त्या काळी पदवीधर झालेल्या तरुणास वकिली, सरकारी चाकरी किंवा मास्तरकी हेच मार्ग मोकळे असत. रसायनशास्त्र शिकलेल्या मनुष्याने कारखान्यात जाऊन माल तयार करावा, ही कल्पना तेव्हा जवळजवळ नव्हतीच, कारण असे कारखानेच देशात नव्हते. औषधे, तीव्र आम्ले, साबणाचा सोडा आणि कापडाचे नवे रंग हे सारे आगबोटीने परदेशाहून येत असे.

या रंगांची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण गज्जर यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती तिच्यातून. सन १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून जांभळा रंग तयार केला. नंतर सन १८६८ च्या सुमारास मंजिष्ठेच्या मुळातील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्याची युक्ती जर्मन रसायनज्ञांनी शोधून काढली, आणि सन १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आपल्या देशातील नीळ, मंजिष्ठा आणि आल यांच्या मुळापानांवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणारे शेतकरी व रंगारी यांच्या धंद्यावर या शोधांनी मोठाच घाला घातला. जुन्या रंगाऱ्याच्या हातात कसब होते; परंतु डब्यातून येणारा नवा रंग कोणत्या पाण्यात, किती उष्णतेवर आणि कोणत्या क्षाराबरोबर चढवावा, हे त्याला कोणी सांगत नव्हते. ज्याला ते शास्त्र अवगत होते तो पदवीधर रंगाऱ्याच्या हौदापाशी कधी फिरकत नव्हता. विद्या एकीकडे आणि कसब दुसरीकडे, अशी ही फारकत होती. ती मिटविणे हेच गज्जर यांनी आपले जीवितकार्य मानले असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मुंबईतील शिक्षण आटोपल्यावर ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीचा तो उमेदीचा काळ होता. उद्योगधंद्यांचे शिक्षण देणारी एक मोठी संस्था बडोद्यास असावी अशी गज्जर यांची योजना महाराजांस पसंत पडली, आणि सन १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना झाली. गज्जर हे तिचे पहिले प्रमुख होते. रंगाई व कापडछपाई, यंत्रविद्या, चित्रकला, वास्तुविद्या अशा विषयांचे शिक्षण तेथे देण्यात येऊ लागले. तेथील शिक्षण देशी भाषांतून दिले जावे असा गज्जर यांचा आग्रह होता, आणि हा विशेष आपण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजी येत नाही म्हणून सुताराच्या, लोहाराच्या अथवा रंगाऱ्याच्या मुलास शास्त्राचे दार बंद राहू नये, ही त्यामागील दृष्टी होती. शास्त्रीय परिभाषेचा कोश आणि देशी भाषेतील शास्त्रीय ग्रंथ तयार करण्याच्या कामीही त्यांनी पुढाकार घेतला, व त्यासाठी महाराजांनी ५०,००० रुपयांची तरतूद केली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

कलाभवनात मराठी विद्यार्थीही येत. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या कलाशाळेनंतर कलाभवनातच शिकले, आणि तेथील छायाचित्रणशाळा व तिची प्रयोगशाळा गज्जर यांनी या होतकरू तरुणाच्या स्वाधीन केली होती. छायाचित्रण ही त्या काळी बव्हंशी रसायनाचीच कला होती. काच, चांदीचे क्षार, धुण्याची द्रावणे आणि अंधारी खोली ही सारी सामग्री फाळके यांनी येथे हाताळली. सन १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणणाऱ्या त्या हातांना कलाभवनाचा हा संस्कार लाभला होता.

सन १८९६ मध्ये गज्जर यांनी बडोदे सोडले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद स्वीकारले. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने प्रवेश केला. घरेच्या घरे ओस पडली, लाखो लोक शहर सोडून निघून गेले. या संकटात गज्जर यांनी आयोडीन ट्रायक्लोराइड हे जंतुनाशक द्रव्य तयार करून प्लेगवर उपाय म्हणून पुढे आणले. प्लेगवर खात्रीचे औषध मिळण्यास पुढे पन्नासएक वर्षे जावी लागली, आणि ते स्ट्रेप्टोमायसिनसारख्या प्रतिजैविकांच्या रूपाने मिळाले, हे आज आपणांस ठाऊक आहे. म्हणून गज्जर यांच्या त्या द्रव्याची थोरवी फुगवून सांगण्याचे कारण नाही. परंतु शहरावर आपत्ती आली असता प्राध्यापकाने केवळ फळ्यापाशी उभे न राहता भट्टी पेटवून औषध तयार करावयास लागावे, ही वृत्ती त्या काळी दुर्मिळ होती, एवढे खचित.

याच सुमारास एका विलक्षण कामामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मुंबईच्या फोर्ट भागात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदरपंत चापेकर यांनी त्याला डांबर फासले. परसत्तेविषयीच्या संतापाची ती ठिणगी होती, आणि त्या बंधूंनी पुढे देशासाठी दिलेले बलिदान महाराष्ट्राला विदित आहे. तो डांबराचा डाग इतर जाणकारांच्या प्रयत्नांस दाद देईना. अखेरीस गज्जर यांनी तो काढला. हे काम अवघड का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. संगमरवर म्हणजे रासायनिक दृष्ट्या चुनखडीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल टाकावे तर दगडच विरघळतो, आणि खरवडावे तर शिल्प बिघडते. डांबर तर दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत मुरलेले. तेव्हा दगडाला धक्का न लावता केवळ डांबरालाच बाहेर काढील अशी योजना हवी होती. त्या घटनेच्या राजकीय अर्थाविषयी कोणाला काहीही वाटो, एक हिंदी रसायनज्ञ ही गोष्ट करू शकतो, हे तिने सर्वांस दाखविले. तो पुतळा आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

पुढे त्यांनी मोत्यांकडे लक्ष वळविले. इराणच्या आखातातील मोत्यांचा मोठा व्यापार तेव्हा मुंबईत चाले. पिवळसर अथवा डागाळलेल्या मोत्याला किंमत येत नसे. मोत्याचाही मुख्य घटक संगमरवराप्रमाणे कॅल्शियम कार्बोनेट हाच होय. मात्र त्याच्या थराथरांत सेंद्रिय द्रव्य असते, व त्याची झळाळी त्या रचनेवरच अवलंबून असते. ती झळाळी न बिघडविता मोती उजळ करण्याची कृती गज्जर यांनी बसविली, आणि त्यातून त्यांना पुष्कळ द्रव्यप्राप्ती झाली. केवळ रसायनाच्या ज्ञानावर, भांडवलदाराच्या घरी जन्म घेतलेला नसताना, मनुष्य संपन्न होऊ शकतो, याचे हे त्या पिढीतील ठळक उदाहरण होते.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईत गिरगाव भागात टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी या नावाची स्वतःची प्रयोगशाळा उभारली. कॉलेजातील प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने पुस्तकातील प्रयोग करावा आणि निष्पत्ती वहीत उतरवावी, एवढ्यावर काम थांबते. गज्जर यांच्या प्रयोगशाळेचा रोख बाजारात विकला जाईल असा पदार्थ तयार करण्याकडे होता. या शाळेतून जे शिष्य बाहेर पडले त्यांत ए. एस. कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन ही दोन नावे अग्रगण्य होत. पहिले मराठी, दुसरे गुजराती. गुरूच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आरंभिलेल्या लहानशा उद्योगातून सन १९०७ मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी बडोद्यास उभी राहिली. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने यंत्र, आपल्या वैद्यांकडील भबक्याचे भावंड. मद्यार्क आणि त्यापासून होणारी टिंक्चरे हा कंपनीच्या आरंभीच्या उत्पादनाचा भाग होता. बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सन १८९२ मध्ये असेच कार्य आरंभिले होते व सन १९०१ मध्ये त्याचे बेंगॉल केमिकल या मर्यादित कंपनीत रूपांतर झाले होते. पूर्वेस राय आणि पश्चिमेस गज्जर, अशा दोन प्राध्यापकांच्या हातून आपल्या देशातील रासायनिक उद्योगाची पायाभरणी झाली. सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, जर्मनीचा माल येणे बंद पडले, आणि देशात तयार होणाऱ्या रसायनांचे महत्त्व सर्वांस एकाएकी पटले. तोवर देशात जे थोडे जाणते हात तयार झाले होते, त्यांत गज्जर यांच्या शिष्यांचा वाटा होता.

येथे थोडे थांबून, कारखान्यात माल तयार करणे हे प्रयोगशाळेतील कामाहून वेगळे का, याचा विचार केला पाहिजे. आपल्या समाजातील मुलामुलींस तो सुतारकामाच्या उदाहरणानेच नीट समजेल. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशी पेटी करा, आणि दुसरी दहा हातांची करा. दुसऱ्या पेटीला फळ्या शंभरपट लागतील, परंतु तिच्यात धान्य हजारपट मावेल. हाच हिशेब रसायनाच्या भांड्याला लागू पडतो. क्रिया होताना उष्णता निर्माण होत असेल तर ती भांड्यातील सर्व मालात निर्माण होते, पण बाहेर जाते ती मात्र भांड्याच्या बाजूंनीच. लहान चंबूत जी क्रिया हाताला कोमट लागते, तीच मोठ्या पात्रात, थंडाव्याची योजना नसेल तर, भडका घेऊ शकते. म्हणून पुस्तकातील प्रमाण हजारपट केले की माल तयार झाला, असे होत नाही. ढवळणे किती, थंड पाणी किती, कोणता पदार्थ कोणत्या वेगाने सोडावयाचा, हे सारे नव्याने बसवावे लागते.

दुसरी गोष्ट उताऱ्याची. एखादे औषध तीन टप्प्यांनी तयार होत असेल आणि प्रत्येक टप्प्यात शंभरातील नव्वद भाग हाती येत असतील, तर अखेरीस सुमारे ७३ भागच उरतात. हे नव्वद पंच्याऐंशीवर आले तर अखेरचा आकडा ६१ वर घसरतो. परीक्षेत पंच्याऐंशी गुण मिळविणाऱ्याचे कौतुक होते. कारखान्यात तेवढ्याने नफ्याचा तोटा होऊ शकतो. तिसरी गोष्ट सारखेपणाची. आजचा घाणा आणि सहा महिन्यांनंतरचा घाणा यांत रोग्याला फरक जाणवता कामा नये. यासाठी वजन, वेळ आणि उष्णता यांची नोंद प्रत्येक वेळी करावी लागते, आणि रात्रपाळीला कोणी पाहत नसतानाही ती खरीच करावी लागते. गजधराच्या घरच्या मुलाला हे शिस्तीचे वळण परके वाटू नये.

प्रोफेसर गज्जर यांचे देहावसान सन १९२० मध्ये झाले. त्यांच्या नावाचा गाजावाजा आज फारसा नाही. अलेम्बिकचा मोठा विस्तार पुढे अमीन यांनी केला व त्या उद्योगाशी त्यांच्याच घराण्याचे नाव जोडले गेले. कलाभवन सन १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे अंग झाले. म्हणजे त्यांनी लावलेली झाडे वाढली, परंतु त्यांच्या सावलीत बसणाऱ्यांस माळी आठवत नाही. ही गोष्ट खेदाची खरी. परंतु विद्यार्थी घडविणे आणि नवी कृती शोधणे हा त्यांचा पिंड होता, व शिष्याने गुरूच्या पुढे जावे यात शिक्षकाचे यशच आहे.

आता आपल्या घराकडे वळू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा हा मुलूख. तिफण, वखर, डवरे आणि बैलबंडी घडविणे हा येथील आपल्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला, आणि तो व्यवसाय आक्रसला. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना व मुलींना शिकविले. त्यांतील कित्येकांनी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले. आता घरोघरी वाद ऐकू येतो. वडिलांचे म्हणणे असे की, मुलाने स्पर्धा-परीक्षा देऊन सरकारी खुर्ची मिळवावी. पदवी घेऊन पुन्हा कारखान्यात तेलकट कपड्यांनी उभे राहावयाचे तर शिकलास कशाला? मुलाचे वर्षामागून वर्ष परीक्षेत जाते. दुसरीकडे औषधांचे व रसायनांचे कारखाने पदवीधर मागत असतात. पण तेथे आरंभीचा पगार बेताचा, पाळी रात्रीची आणि गाव परके.

या वादात कोणाची कड घेण्याआधी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, या धंद्यात पदवीनंतरची पहिली वर्षे ही उमेदवारीचीच असतात, आणि कायद्यानेही ते मान्य केले आहे. औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाची पात्रता १९४५ च्या औषध-नियमांनी ठरविली, तेव्हा मुख्य विषय रसायनशास्त्र असलेल्या विज्ञान-पदवीधरास निर्मितीचा तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक मानला. आपल्या घरी मुलगा वाकस हाती घेताच त्याला कोणी दारे घडवावयास देत नव्हते. प्रथम लाकूड तासणे, मग सांधा बसविणे, मग चौकट. कारखान्यातील तीन वर्षे ही तशीच समजावीत. त्या काळात नमुना घेणे, झडपा ओळखणे, पत्रक भरणे आणि जुन्या अनुभवी कामगाराकडून शिकणे यांत कमीपणा नाही. ज्याने उत्पादन आणि तपासणी ही दोन्ही अंगे पाहिली, त्याला पुढील वाटा मोकळ्या होतात.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मुलाने अथवा मुलीने कोठे काम धरावे हे ठरविताना पगाराइतकीच विचारपूस तेथील वायुवीजनाची, चष्मा-हातमोजे-मुखवट्यांची आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेची करावी. जेथे या गोष्टींविषयी प्रश्न विचारलेला खपत नाही, तेथे थांबू नये. तारुण्यात फुप्फुसांस झालेली इजा पुढे पैशाने भरून येत नाही.

उच्च शिक्षणाची सोयही आपल्या विदर्भात आहे. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली मोठी संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिली, आणि त्यातून सन १९४२ मध्ये नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था सुरू झाली. तेल, रंग, अन्न, औषध अशा उद्योगांतील जाणकार तिने घडविले. सोयाबीनच्या या मुलखात तेल काढण्याचे आधुनिक तंत्रही रसायनाचेच आहे. बी पोहे करून हेक्झेन या द्रावकाने धुतात, मग द्रावक उडवून तेल वेगळे करतात व तोच द्रावक पुन्हा वापरतात. म्हणजे आपल्याच शेतातील पिकावर रसायनज्ञाला काम आहे.

मंडळातील सुस्थितीत असलेल्या सभासदांना या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. ज्यांचे मुलगे, मुली, जावई आज बडोदे, अंकलेश्वर, तारापूर अथवा अंबरनाथकडील कारखान्यांत आहेत, त्यांनी गावाकडील नव्या पदवीधरास पहिले दोन महिने आपल्या घरी उतरू द्यावे. परगावी पहिला पगार हाती येईपर्यंतचे दिवस गरीब घरच्या मुलास सर्वांत कठीण जातात, आणि बरीच मुले त्याच सुमारास परत फिरतात. मोठ्या देणगीपेक्षा एक खोली आणि दोन वेळचे जेवण अशा वेळी अधिक मोलाचे ठरते.

सुरतेच्या सुताराच्या मुलाने रसायनाची पदवी घेऊन रंगाऱ्याच्या हौदापाशी जाण्यात कमीपणा मानला नाही. आपल्या जिल्ह्यातील रसायनाच्या पदवीधरांनी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांनी, हे चरित्र एकदा शांतपणे वाचावे, आणि मगच मुलाच्या हातातील कारखान्याच्या नेमणूकपत्राला काय उत्तर द्यावयाचे ते ठरवावे.